पेनांगला सहकुटुंब: हॉटेल जुन्या गावात की किनाऱ्यावर? आणि सकाळच्या नाश्त्याचं काय?

पिंप्राळ्याचा_पोऱ्या (जळगाव)

राम राम मंडळी.

मे महिन्यात मलेशियातल्या पेनांगला जायचं जवळजवळ पक्कं झालंय. त्या दिवसांत आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, मुलांना सुट्टी असते, आणि भारतीय पासपोर्टला मलेशियाचा व्हिसा 2026 अखेरपर्यंत लागत नाही. दुबई मे महिन्यात म्हणजे फुफाट्यातून आगीत. सिंगापूरच्या हॉटेलांचे भाव बघून बाबांनी मोबाईलच उलटा ठेवला.

आम्ही सहा जण. मी, बायको, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, आणि आई-बाबा. बाबांना शुगर आहे आणि गुडघे दुखतात. आई मालकरी. मांस-मासे सोडाच, अंडंही चालत नाही, आणि ज्या कढईत ते शिजलं ती कढईसुद्धा चालत नाही. मुलं मात्र काहीही खातील, त्यांना फक्त पाण्यात डुंबायचंय.

इथला टूरवाला म्हणतो, बातू फेरिंगीला किनाऱ्यावरचा रिसॉर्ट घ्या, नाश्ता पॅकेजमध्ये आहे, डोक्याला ताप नाही. नेटवर वाचतोय तर लोक म्हणतात, जॉर्जटाऊन या जुन्या गावात राहा, पेनांगची खरी मजा सकाळी रस्त्यावर खाण्यात. रस्त्यावरचं खाणं आणि आमची आई, हे जमवायचं कसं?

जे जाऊन आलेत किंवा तिकडे राहतात त्यांनी सांगा. हॉटेल कोणत्या भागात घेऊ, नाश्ता हॉटेलात घेऊ की बाहेर?

धुळे_ते_दुनिया

भाऊ, आपल्याला समुद्र बघायचा तर सुरत नाहीतर अलिबाग गाठावं लागतं. एवढं विमानाचं भाडं भरून परदेशात समुद्राकाठी चाललात आणि राहणार गल्लीबोळात? डोळे झाकून किनाऱ्यावरचा रिसॉर्ट घ्या. सकाळी पडदा सारला की समोर पाणी. मुलं तरणतलावात, आई-बाबा खुर्चीत. नाश्त्याला शंभर पदार्थ मांडलेले असतात, काकूंना त्यातलं पाव-लोणी, फळं, कॉर्नफ्लेक्स काहीतरी मिळेलच.

अमळनेरची_लेक

"काहीतरी मिळेलच" हे वाक्य ज्यांच्या घरात मालकरी माणूस नाही तेच लिहू शकतात. 🙂

माझ्या सासूबाई अशाच. परदेशातल्या अशा मोठ्या हॉटेलात एक चिमटा सगळ्या ताटांत फिरतो. सॉसेज उचललेला चिमटा पुढच्या माणसाने बटाट्यात घातला, की आमच्या घरातलं माणूस तिथून उठलंच. नंतर चार दिवस केळं आणि दूध. पैसे मात्र पूर्ण नाश्त्याचे. त्यामुळे पोऱ्या भाऊ, "नाश्ता समाविष्ट" या दोन शब्दांवर जाऊ नका.

चोपडा_चौफुली

तठे बठ्ठं भेटस भाऊ, फक्त कळण्यानी भाकर भेटत नही. 😄

बायन_लेपासचा_पाटील

मूळ यावल तालुका, सध्या मुक्काम पेनांग. विमानतळाजवळ बायन लेपास नावाचा कारखान्यांचा पट्टा आहे, 1972 पासूनचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या बड्या कंपन्या इथे आहेत, त्यातल्याच एकीत पोटापाण्याला आहे. दर सुट्टीला गावाकडचं कोणी ना कोणी येतं आणि हाच प्रश्न विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नकाशा डोक्यात घ्या. पेनांग बेट आहे. ईशान्येच्या टोकाला जॉर्जटाऊन, जुनं शहर. तिथून उत्तर किनाऱ्याने पश्चिमेकडे गेलं की आधी गर्नी ड्राइव्ह, मग तांजुंग बुंगा, मग बातू फेरिंगी. विमानतळ पार दक्षिणेला. जॉर्जटाऊन ते बातू फेरिंगी पंधराएक किलोमीटर, पण रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या मधून वळणं घेत जातो, त्यामुळे गर्दीच्या वेळी गाडीलाही पाऊण तास लागतो. 101 नंबरची बस जाते, तिला त्याहून जास्त. बसमध्ये सुटे पैसे लागतात, ड्रायव्हर उरलेले परत देत नाही.

आता एक गोष्ट जी टूरवाले सांगत नाहीत. जॉर्जटाऊनला समुद्र आहे, पण पोहायला किनारा नाही. बंदराचं गाव आहे ते. धक्के, बोटी, पाण्यात खांबांवर उभी असलेली चिनी कुळांची लाकडी घरं, एस्प्लनेडचा कठडा. बघायला उत्तम, उतरायला काही नाही. गर्नी ड्राइव्हलाही तेच, उंच हॉटेलं आणि मॉल, समोर भराव टाकून केलेला बगीचा. वाळू हवी तर बातू फेरिंगी. आणि तिथलं पाणीसुद्धा जाहिरातीतल्यासारखं निळं नाही, गढूळसर असतं. जेलीफिश येतात, त्यांचा डंख भयंकर असतो. तिथले लोक पाण्यात उतरण्यापेक्षा वाळूत बसतात आणि पोरांना हॉटेलच्या तलावात सोडतात. तुम्ही म्हणाल तलावच हवा तर मग तो शहरातल्या हॉटेलातही मिळतो. मिळतोच.

नाश्त्याचं. पेनांगला जेवणापेक्षा नाश्ता मोठा. इथले लोक सकाळी घरी चूल पेटवत नाहीत म्हटलं तरी चालेल. सातपासून गाड्या लागतात आणि दहा-अकरापर्यंत चांगल्या ठिकाणचा माल संपतो. त्यानंतर ऊन आणि दमट हवा अशी चढते की बाबांना चालवायचं नाही. म्हणजे बातू फेरिंगीला राहून आंघोळी-पांघोळी उरकून, सहा माणसं घेऊन गावात पोहोचेपर्यंत नाश्त्याची वेळ टळलेली असणार. मग तुम्ही जेवायला आलात असं होईल, आणि पुन्हा पाऊण तास परत. म्हणून माझं सरळ मत, पेनांगला नाश्ता बघून हॉटेल ठरवायचं. जुन्या गावात राहा आणि समुद्राला एक अख्खा दिवस द्या.

अजून एक सोय बघा. इथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. काकू गावाला पहाटे पाचला उठत असतील तर इथे साडेसात वाजलेले असतात. इथे उजाडतंच सातच्या सुमारास. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही कोणी गजर न लावता बरोबर इडलीच्या वेळेला उठणार.

हॉटेल कसं निवडायचं ते रात्री लिहितो, शिफ्ट आहे.

भुसावळ_आऊटर

पाटील भाऊ सिग्नल देऊन गेले, आता रात्रीपर्यंत गाडी आऊटरला उभी.

तोवर माझं दोन ओळी. क्वालालंपूरला उतरून पुढे विमान घ्यायलाच हवं असं नाही. क्वालालंपूर सेंट्रलहून बटरवर्थला, म्हणजे बेटासमोरच्या मुख्य भूमीवरच्या गावाला, विजेची वेगवान गाडी आहे, चार-साडेचार तास. स्टेशनातून झाकलेल्या पुलाने चालत फेरीच्या धक्क्यावर, आणि पंधरा-वीस मिनिटांत बोटीने जॉर्जटाऊन. मुलं खूश होतील. बोटीतून गाव हळूहळू जवळ येताना दिसतं, ते विमानातून कुठे दिसणार. तिकिटं आधी काढा, सुट्ट्यांत भरते. चेन्नईहून पेनांगला इंडिगोने डिसेंबर 2024 मध्ये थेट विमान सुरू केलंय, तेही तपासा. पण आपल्याला चेन्नई गाठायची म्हणजे तीही एक यात्राच.

धुळे_ते_दुनिया

पाटील भाऊंचा मुद्दा मान्य आहे पण अर्धाच. मुलांचा विचार कोणी करतंय का? आठवीतल्या पोरीला देऊळ आणि जुनी घरं दाखवून बघा, दुसऱ्या दिवशी तोंड फुगवून बसेल. सुट्टी पोरांची आहे.

अमळनेरची_लेक

पोरीला मोबाईलवर रील करायला जागा हवी, ती जुन्या गावात पावलोपावली आहे. भिंतींवर चित्रं काढलेली आहेत, त्यांच्यासमोर रांगा लागतात. माझी भाची तर बाहेर निघायची म्हटलं की आधी तयार. तुमच्याकडची पोरं वेगळी असतील बाई.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या

पाटील भाऊ, एवढं लिहिलंत, फार उपकार. रात्रीची वाट बघतो.

दरम्यान बायकोने तीन पर्याय काढलेत. नावं टाकत नाही, प्रकार सांगतो.

एक, जुन्या चिनी व्यापाऱ्याच्या घराचं केलेलं छोटं हॉटेल. फोटो बघून बायको त्याच्या प्रेमात पडलीय. लाकडी जिना, रंगीत फरशा, मधे चौक.
दोन, लिटल इंडियाच्या कडेला असलेलं साधं मधल्या दर्जाचं हॉटेल. फोटोत काही विशेष नाही. लिफ्ट आहे.
तीन, टूरवाल्याचा रिसॉर्ट.

पहिल्याचे परीक्षण-गुण सगळ्यांत जास्त आहेत, म्हणून तिकडे मन झुकतंय.

बायन_लेपासचा_पाटील

आलो.

पहिल्या प्रकाराबद्दल आधी बोलतो, कारण फसायला तिथेच होतं. जुन्या वस्तीला 2008 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, मलाक्कासोबत. त्यामुळे जुनी दुकानघरं पाडून उंच इमारती बांधता येत नाहीत, आणि हॉटेलवाल्यांनी तीच घरं आतून दुरुस्त केलीत. दिसायला देखणी, त्यात वाद नाही. पण ही घरं रुंदीला अरुंद आणि आत लांबलचक. लिफ्ट बहुतेकांत नाही. जिना उभा आणि लाकडी. खिडकी फक्त पुढच्या आणि मागच्या खोलीला, मधल्या खोल्यांना चौकाकडे एखादा झरोका नाहीतर कोरी भिंत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे दिवसातून तीनदा चढ-उतर करायला लावू नका. परीक्षणं लिहिणारे बहुतेक पंचविशीतले, पाठीवर एक सॅक घेऊन आलेले असतात. त्यांचे नऊ गुण तुमच्या बाबांचे नाहीत.

बुक करण्याआधी हॉटेलला संदेश पाठवून हे विचारा. लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून सुरू होते का (काही ठिकाणी स्वागतकक्षच अर्धा जिना चढून असतो). खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का. मलेशियात बिनखिडकीच्या खोल्या सर्रास विकतात, बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. दोन खोल्या एकाच मजल्यावर शेजारी देणार का. आणि खाली किंवा समोर बार आहे का.

बारचं यासाठी की लव्ह लेन आणि चुलिया स्ट्रीटचा तो तुकडा रात्री दोनपर्यंत जागा असतो. दिवसा बघितलं तर शांत गल्ली वाटते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर तिथून तीन-चार गल्ल्या लांब राहायचं.

लिटल इंडिया म्हणजे लेबू पासार, लेबू पेनांग, लेबू क्वीन हा भाग. लेबू म्हणजे स्ट्रीट, पाट्यांवर तसंच असतं. लेबू क्वीनवर 1833 चं मरिअम्मनचं देऊळ आहे, बेटावरचं सगळ्यांत जुनं हिंदू देऊळ. काकूंना सकाळी आंघोळ करून दर्शन आणि तिथूनच नाश्ता, चालत पाच मिनिटांत. दिवसभर तमिळ गाणी मोठ्याने वाजतात, ते सहन करावं लागेल, पण रात्री दुकानं मिटली की चिडीचूप. दुसरा पर्याय घ्या. फोटोत विशेष नाही तर नसू दे.

कराचं लक्षात ठेवा. परदेशी पाहुण्याला दर खोलीला दर रात्री दहा रिंगिट (इथलं चलन) पर्यटन कर लागतो, वर पेनांगची स्थानिक फी दोन-तीन रिंगिट. ऑनलाइन पैसे भरले असले तरी हे बहुधा काउंटरवर वेगळं मागतात. लुबाडत नाहीयेत, सरकारी आहे. प्लगला तीन चौकोनी पिनांचा ॲडाप्टर लागेल. आणि एक, ज्यावर आपल्याकडची मंडळी हळूच विचारतात: संडासात पाण्याची नळी जवळपास सगळीकडे असते, काळजी नसावी.

नंदुरबारी_मिरची

नळीचं आधी सांगायचं ना पाटील भाऊ, आमच्या अप्पांनी त्याच कारणाने युरोप रद्द केलं होतं. 😂

रावेरची_केळी

माझा व्यापारी प्रश्न. तिथे केळी कोणती मिळतात?

बायन_लेपासचा_पाटील

पिसांग मास नावाचं बोटाएवढं, पातळ सालीचं, चवीला जास्त गोड. शिवाय मोठं बेरांगान. तुमच्यासारखे घड बघायला मिळत नाहीत. पण केळीचं पान मात्र रोजच्या वापरात. नासी लेमाक म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, तो पानात पुडी बांधून विकतात. रावेरात पानं गुरांपुढे पडतात, इथे त्याच पानाच्या पुडीभोवती सकाळी रांग लागते.

अमळनेरची_लेक

त्या नासी लेमाकबद्दल एक सूचना, काकूंसाठी. भात शाकाहारी दिसतो, वर शेंगदाणे, काकडी. पण सोबतची लाल चटणी असते ना, सांबाल, तिच्यात सुकी बारीक मासळी किंवा सुकटीसारखी वाटलेली कोळंबी असते. नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. तिथे मासळीला पुष्कळ लोक मांसात धरत नाहीत. मासा नको, कोळंबी नको, अंडं नको, चटणी नको, असं एकेक करून सांगावं लागतं.

आता शाकाहारी नाश्ता, आम्ही जसा केला तसा.

लेबू पेनांगवर वूडलँड्स आणि श्री आनंदभवन आहेत. पाट्यांवर शुद्ध शाकाहारी लिहिलेलं असेल तेच घ्या, कारण आसपास तशाच नावांची मांसाहारीही आहेत. इडली, वडा, पोंगल, डोसा, फिल्टर कॉफी. सासूबाई पहिल्या दिवशी बिचकत बसल्या, दुसऱ्या दिवशी स्वतः पुढे होऊन "साधा डोसा, चटणी जास्त" असं मराठीत सांगत होत्या आणि त्या तमिळ अण्णाला समजत होतं.

फुटपाथवर पुटु मायम विकणारे सकाळी दिसतात. तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि ताडाचा गूळ. शुद्ध, गरम, पोटाला हलका. बाबांना मात्र गूळ बाजूला काढून द्या.

चिनी शाकाहारी दुकानं, हा सगळ्यांत चांगला शोध. लेबू डिकन्सवर ई बेंग म्हणून आहे, सकाळीच भाज्यांची ताटं लागतात, आपण वाढून घ्यायचं, ते बघून हिशोब करतात. बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे एकादशीच्या आदल्या-नंतरच्या दिवशीही चालून जातं. फक्त एक गंमत. सोयाबीन आणि गव्हाच्या चिकट पिठापासून ते हुबेहूब मासा, कोंबडी, मटण बनवतात. दिसायला इतकं तसंच की सासूबाईंनी ताटाला हात लावायला नकार दिला. दुकानदारीण बिचारी पिठाचं पाकीट आणून दाखवते, पण डोळ्यांना कोण समजावणार? काकूंना आधीच सांगून न्या, पालेभाज्या-टोफूच्या बाजूला बसवा.

धुळे_ते_दुनिया

एवढा अभ्यास करून शेवटी इडलीच खायची असेल तर भुसावळ स्टेशनावर काय वाईट आहे?

भुसावळ_आऊटर

स्टेशनाचं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. वाईट काहीच नाही, पण तिथे समोर समुद्र नाही, आणि दुपारी फलाटावर उभं राहिलं तर आपणच भाजून निघतो.

नंदुरबारी_मिरची

बाबांच्या शुगरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. तिथला चहा म्हणजे तेह तारिक, उंचावरून ओतून फेस आणलेला. चवीला बहार, पण घट्ट गोड केलेलं दूध घालतात, म्हणजे साखर न घालताही साखरच. "तेह ओ कोसोंग" म्हणायचं, बिनदुधाचा बिनसाखरेचा कोरा चहा येतो. दूध हवं आणि साखर नको असेल तर "तेह सी कोसोंग", त्यात डब्यातलं बिनगोड दूध असतं. कॉफीलाही हेच, तेहच्या जागी कोपी. बाबांना हे दोन शब्द कागदावर लिहून खिशात द्या. आमच्या अप्पांनी पाठ केले होते, ते आता घरीही चहा मागताना तेच म्हणतात.

मुलांसाठी: कॅम्पबेल स्ट्रीटच्या बोळातलं तोह सून नावाचं कॅफे. कोळशावर भाजलेला पाव आणि काया. रविवारी बंद असतं. पण काया म्हणजे नारळ आणि अंड्याचा मुरंबा, काकूंना चुकून देऊ नका, हिरवट रंग बघून चटणी वाटते. त्यांना लोणी-पाव सांगा. टेबल मिळेपर्यंत उभं राहावं लागतं, तर आजी-आजोबांना तिथे नेऊच नका. एका सकाळी तुम्ही मुलांना घेऊन जा, ते दोघं इडलीवाल्याकडे. सगळ्यांनी रोज एकाच टेबलावर बसलं पाहिजे हा हट्ट परदेशात सोडला की निम्मी भांडणं होत नाहीत.

जालान ट्रान्सफरवर फुटपाथावरची रोटी चनाई, तीही मुलांसाठी. मैद्याची पापुद्र्यांची पोळी, समोर हवेत फिरवून करतात. "रोटी कोसोंग" साधी, "तेलूर" अंड्याची. वरण वेगळं मागितलं तरी वाढणारा हात सगळ्या भांड्यांत फिरतो, आणि काही दुकानांत त्या वरणात मटणाची हाडं असतात. म्हणून माझ्या मते मालकरी माणसाला ते ठिकाण नकोच. वास मात्र असा की आमच्या आत्याबाईंनी पदर नाकाला लावला आणि तरी बघत उभ्या राहिल्या.

चोपडा_चौफुली

आते माले भूक लागनी. बाकीना धागा जेवीसन वाचस.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या

बायकोला पाटील भाऊंचं जिन्याबद्दलचं वाचून दाखवलं. पाच मिनिटं गप्प. मग म्हणाली, त्या जुन्या घराच्या हॉटेलात चहा प्यायला तरी जाऊ. तह झाला. त्या हॉटेलला संदेश टाकून विचारलंच होतं, उत्तर आलं की लिफ्ट नाही, आणि आम्हाला जी "कौटुंबिक खोली" दिसत होती ती दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी आतल्या चौकाकडे.

म्हणजे आता दोन विरुद्ध तीन. टूरवाल्याचा रोज फोन येतोय. दोन रात्री गावात, दोन रिसॉर्टवर असं अर्धं-अर्धं करू का?

बायन_लेपासचा_पाटील

सहा माणसांचं सामान, त्यात दोन लहान, दोन वयस्क. मधेच हॉटेल बदलायचं म्हणजे एक दिवस गेला. बाराला खोली सोडा, तीनला दुसरी मिळणार, मधल्या वेळेत दमट उन्हात बॅगा सांभाळत बसा. मुक्काम आठवड्याच्या वर असेल तर ठीक, नाहीतर नको.

त्यापेक्षा एक दिवस सकाळी नाश्ता करूनच बातू फेरिंगीला निघा. ग्रॅब म्हणजे इथलं ओला-उबर, त्याची मोठी गाडी ॲपवर सहा जणांची मिळते, भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही. परदेशातलं सिम टाकल्यावर ॲप पुन्हा नंबर पडताळायला मागू शकतं, म्हणून खातं जळगावातच उघडून ठेवा. दुपारचं ऊन टाळा, चारनंतर वाळूत. लाटांत मुलांना गुडघ्याच्या वर सोडू नका, लाल किंवा जांभळा झेंडा असेल तर अजिबात नाही. जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे. समोर सूर्य मावळतो, अंधार पडला की रस्त्याला रात्रबाजार लागतो. नऊला परत.

आणि दुसऱ्या क्रमांकाच्या हॉटेलात गच्चीवर तलाव आहे का ते विचारा. त्या भागाच्या जरा बाहेर, कोमतार या उंच मनोऱ्याच्या बाजूला, असे तलाव असलेली उंच हॉटेलं आहेत. तिथून लिटल इंडियापर्यंत फुकट फिरणारी कॅट नावाची बस मिळते. चालायला मोकळा फुटपाथ असतो असं समजू नका, दुकानांपुढच्या ओसऱ्यांत मोटरसायकली लावलेल्या असतात आणि पायऱ्या एकसारख्या नाहीत. बाबांसाठी "चालत दहा मिनिटं" हे प्रत्यक्षात वीस धरा.

धुळे_ते_दुनिया

मी अजूनही किनाऱ्याच्याच बाजूने आहे. पण जांभळ्या झेंड्याचं माहीत नव्हतं. आणि मे महिन्यात पाऊस नसतो का तिथे?

बायन_लेपासचा_पाटील

असतो, बारा महिने अधूनमधून. सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळ्यांत जास्त, डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडं. मे मधला. बहुधा दुपारी-संध्याकाळी तासभर कोसळतो आणि थांबतो. सकाळ बऱ्याचदा मोकळी मिळते, हेही नाश्त्याच्याच पथ्यावर. तापमान वर्षभर बत्तिसाच्या आसपास, पण घाम असा की रुमाल पिळावा लागतो. जळगावच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्याला पहिला दिवस जड जातो.

मे अखेरीपासून दुरियन यायला लागतो. फणसाचा काटेरी भाऊ, वास गल्लीच्या तोंडापासून येतो. हॉटेलांत आणायला बंदी, दारावर तशी चित्राची पाटीच असते. मुलांनी हौसेने घेतला तर रस्त्यावरच संपवा, खोलीत सापडला तर हॉटेल सफाईचा मोठा दंड लावतं.

अमळनेरची_लेक

पोऱ्या भाऊ, प्रवासाआधी तीन दिवसांच्या आत मलेशियाचा डिजिटल आगमन फॉर्म भरायचा असतो, सहाही जणांचा वेगळा. सरकारी पानावर तो फुकट आहे. पैसे मागणारी पानं पुष्कळ निघालीत, तिथे कार्ड टाकू नका. हे टूरवाल्यावर सोपवलं की तोही पर माणसी वेगळे लावतो, विचारून घ्या.

आणि जायफळाचं सरबत प्या. तिथे जायफळ पिकतं, आपण बी किसतो, ते लोक वरच्या फळाचा रस काढतात. काकूंना पुरणाचा वास आठवेल. बिनसाखरेचं मात्र क्वचितच मिळतं.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या

झालं. दुसरंच हॉटेल, लिटल इंडियाच्या कडेचं. दोन खोल्या शेजारी, तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या रस्त्याकडे, लिफ्ट तळमजल्यापासून, हे सगळं लेखी घेतलं. खोली नाश्त्याविना घेतली. नाश्त्यासकट भाव काढला तर सहा जणांचे रोजचे जेवढे जास्त होत होते तेवढ्यात बाहेर सगळ्यांचा नाश्ता होऊन दुपारचं जेवणही निघतंय. तलाव नाही. मुलाला सांगितलं नाहीये अजून.

टूरवाला म्हणाला, "पस्तावाल". विमानाची तिकिटं त्याच्याकडूनच काढली, तेव्हा जरा निवळला.

आता आईची शंका. मधे एकादशी येतेय. उपासाचं काय? भगर आणि शेंगदाण्याचं कूट नेऊ का, आणि खोलीत शिजवायचं कशात? बाबा म्हणतात, बिबडे आणि कळण्याचं पीठ पण घे. बॅगेचं वजन वीस किलो माणशी.

नंदुरबारी_मिरची

खोलीत फक्त पाणी तापवायची किटली असते. तिच्यात भगर शिजवू नका, बुडाला लागली की किटलीचे पैसे भरा. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, वेफर्स न्या. फळं मुबलक, पपई, पेरू, ड्रॅगन फ्रूट, अननस. कापून पिशवीत विकतात त्यावर आंबट-मीठ पावडर भुरभुरतात, ती नको म्हणून सांगा. शहाळं कुठेही मिळतं. काकूंचा उपास घरच्यापेक्षा चांगला होईल.

बायन_लेपासचा_पाटील

पीठ मात्र आणा. तुम्हाला नको, आम्हाला. बायन लेपासला घरी गॅस आहे, तवा आहे, वांगीही मिळतात, पण भरताला हवं ते हिरवट पांढरं वांगं इथे नाही. काकूंना कळण्याच्या भाकरीसाठी एक संध्याकाळ राखून ठेवायला सांगा, विमानतळाला जाताना वाटेवरच आहे.

चोपडा_चौफुली

तेलनी बाटली चेक-इनमा टाकजा भाऊ, हातमानी बॅगमा ठेवशात ते मुंबईलेच काढी लेतीन.

धुळे_ते_दुनिया

मुलाला तलावाचं कधी सांगताय ते इथे लिहा. त्यावर वेगळा धागा काढू.